चौथ्या मजल्यावरची मालकीण

ती बाई आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, ढसाढसा रडत खोटं बोलणारे तर रोजचेच. पण समोरच्याला मनातल्या मनात कडक सॅल्यूट ठोकावा असं फार थोड्या वेळा वाटलं. तिच्या बाबतीत वाटलं.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार हसतच केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, घर गेल्याची तक्रार रोज येते. घर असल्याची तक्रार घेऊन आलेली ही पहिलीच."

बाई सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची, चाळिशीतली, नवरा वारलेला. पहाटेची एसटी धरून आली होती. खुर्ची दिली तरी उभीच राहिली. तिच्या कुडाच्या झोपडीची भिंत पावसाळ्यात बसली होती आणि दोन मुलींना घेऊन ती दिराच्या पडवीत दिवस काढत होती. गावात तिला सरकारी घरकुल मिळणार होतं, पण ऐनवेळी यादीतून नाव उडालं. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिच्या नावावर नाशिकला पक्कं घर आहे आणि त्यासाठी तिने अनुदानही घेतलं आहे. एका माणसाला दोनदा लाभ मिळत नाही.

डोंगरातली माणसं कलेक्टरलाही 'तू' म्हणतात. त्यात अनादर नसतो. ती मला म्हणाली, "साहेब, माझं घर नाशकात हाय म्हणतात. मला दाखव."

पहिलं घर घेणाऱ्याला सरकार बऱ्याच सवलती देतं. कर्जाच्या व्याजावर अनुदान मिळतं, बाईच्या नावावर खरेदी असेल तर मुद्रांक शुल्क कमी पडतं. अनुदानाची मोठी अट एकच, की कुटुंबाच्या नावावर कुठेही पक्कं घर नको. गरजवंताच्या पंगतीला पोट भरलेले आधी बसतात, हे मला ऐकून माहीत होतं. मी अर्ज चौकशीला घेतला आणि नाशिकच्या त्या घराच्या खरेदीदस्ताची प्रत मागवली.

प्रत आली आणि मी खट्टू झालो. दस्तावर तिचाच फोटो होता, अंगठाही तिचाच. म्हणजे ती स्वतः नोंदणीला हजर होती. पोलिसाच्या स्वभावाप्रमाणे मला वाटलं, बाई दिसते तितकी साधी नाही. आधी फ्लॅट घेतला, आता घरकुलही हवंय. मग फोटो पुन्हा नीट पाहिला. केसांवर सिमेंटची धूळ होती आणि खांद्यावर गुंडाळलेली चुंबळ. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया ठेवतात ती, कापडाची. फ्लॅट खरेदी करायला निघालेली बाई खांद्यावर चुंबळ टाकून जाते का? माझ्या बायकोने तर अशा दिवसासाठी पैठणी काढली असती.

फोटो दाखवल्यावर तिला तो दिवस आठवला. बांधकामावर स्लॅब चालू होता. दुपारी एका माणसाने तिला मजुरांचं कार्ड काढून देतो सांगून जीपमधून नेलं, फोटो काढला, अंगठे घेतले आणि परत आणून सोडलं. कार्ड काही आलं नाही. इमारतीचं काम संपल्यावर ती गावाकडे गेली आणि विसरूनही गेली.

तो माणूस म्हणजे घरांच्या व्यवहारातला एक एजंट; दस्तावर साक्षीदार म्हणून त्याचीच सही होती. त्याला बोलावलं तर इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल बगलेत मारून वेळेवर हजर. कोणत्याही प्रश्नाला अडखळला नाही. बाईने स्वखुशीने फ्लॅट घेतला, हप्ते वेळेवर जातात, सध्या तिने तो भाड्याने दिला आहे, असं त्याचं म्हणणं. तीन तास मी त्याला उलटा-सुलटा फिरवला. शेवटी तोच मला समजावू लागला, "साहेब, माणसं काहीही बोलतात. कागद खोटं बोलत नाही."

पण माणूस हुशार असला की एखादा शब्द जास्त बोलतो. 'भाड्याने' हा त्याचा तो शब्द होता.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि बाईला घेऊन मी त्या पत्त्यावर गेलो. फाटकाशी ती थबकली आणि मान वर करून इमारत बघत राहिली. ही तिनेच बांधली होती. ज्या बांधकामावरून तिला जीपमध्ये घातलं, तेच हे. चौथ्या मजल्यापर्यंत ती लिफ्टमध्ये आली नाही. म्हणाली, मी होते तेव्हा लिफ्ट नव्हती. ती जिन्याने सरसर चढली. तिच्यामागे मी आणि पंच धापा टाकत.

दार एका सुखवस्तू गृहस्थाने उघडलं. मी नम्रपणे म्हणालो, "तुम्ही इथले भाडेकरू ना? मालकीणबाई घर बघायला आल्यात."

गृहस्थ लाल झाले. भाडेकरू कोण, असं विचारत ते तरातरा आत गेले आणि कपाटातून जाड फाईल घेऊन आले. बिल्डरला दिलेल्या रकमा, कर्जाचे हप्ते, एजंटशी झालेले मेसेज, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढे मांडलं. घर आपलंच आहे हे सिद्ध करण्याच्या नादात, बाईच्या नावाआड आपणच लपलो आहोत हेही त्यांनी सिद्ध करून दिलं. त्यांचं शहरात आधीच एक घर होतं, म्हणून अनुदान मिळत नव्हतं. त्यावर एजंटाने हा तोडगा काढला होता. मी पंचांसमोर पंचनामा लिहायला घेतला.

त्या गडबडीत बाई स्वयंपाकघरात गेली होती. तिथे भिंतीला ती तळवा लावून उभी होती. गृहस्थांच्या पत्नीला म्हणाली, "इथं खिळा ठोकू नको. आत पाईप हाय."

"ठोकला होता," पत्नी हळूच म्हणाली. "पाणी आलं."

फाईल समोर ठेवल्यावर एजंटाची इस्त्री उतरली. असे आणखीही दस्त निघाले, गुन्हा दाखल झाला. पण मला सांगायचं आहे ते पुढचं. बाईचा जबाब नोंदवायचा होता. आमचा एक जुना हवालदार कनवाळू माणूस. त्याने तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सांगितलं, मावशी, कागदावर मालक तू आहेस. जबाब देऊ नकोस, चांगला वकील गाठ, त्या शहाण्यांना वर्षानुवर्षं कोर्टात फिरव. जमलं तर फ्लॅट तुझाच. मला हे दारातून ऐकू येत होतं. मी त्याला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. मलाही तिचं उत्तर ऐकायचं होतं.

डोक्यावर छप्पर नसलेली बाई. दोन मुली दिराच्या पडवीत. आणि हाताशी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट.

ती म्हणाली, "त्या घराच्या कामाचा रोज मी घेतला. माझं त्याचं मिटलं. माझ्या जागेवरचं घर अडलंय, तेवढं सोडव."

मग आत येऊन तिने मला पहिलंच वाक्य लिहायला लावलं, की ते घर माझं नाही. मी लिहिलं. पस्तीस वर्षं माझ्यासमोर माणसं एकच शब्द घेऊन येत होती, 'माझं'. बांधासाठी भाऊ भावाचं डोकं फोडून यायचा. कागद आपल्या बाजूने असताना 'माझं नाही' म्हणणारं माणूस मी एकच पाहिलं. कायदा मी पुस्तकात वाचला होता. तो माणसाच्या आत कसा असतो, ते त्या दिवशी कळलं.

घरकुलाच्या फेऱ्यांत वर्ष गेलं. माझ्या निवृत्तीनंतर तिच्या मुलीचा फोन आला, घर झालंय, आईने बोलावलंय. मी बायकोला घेऊन गेलो. दोन खोल्या, न रंगवलेल्या. विटा मायलेकींनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. भेट म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ नेलं होतं. हातोडी मागितली, खिळा भिंतीला टेकवला आणि सवयीने विचारलं, इथे पाईप-बिईप नाही ना?

ती दारात उभी होती. पहिल्यांदाच हसली.

"ठोक कुठंबी, साहेब. भिंत माझी हाय."