पाच हजारांची कुऱ्हाड

मथुरामावशी कुणाच्या हातात पातं देत नसे. सुरी असो, विळा असो की कुऱ्हाड, गिऱ्हाइकाने हात पुढे केला तरी ती वस्तू समोरच्या पोत्यावर ठेवायची, धार स्वतःकडे करून, आणि आपला हात मागे घ्यायची. नवा माणूस हात तसाच धरून उभा राहायचा. "पोत्यावरून उचल दादा," ती म्हणायची. "लोखंड हातातून हातात गेलं की भांडण बी संगं जातं."

दुसरी सवय त्याहून अवघड होती. "केवढ्याला?" असं कुणी विचारलं की ती किंमत सांगायची नाही. "कशाला पाहिजे?" असं उलट विचारायची. माणूस सांगू लागला की ती त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची. शेळ्यांना डहाळे तोडायला कुऱ्हाड नेणाऱ्याला एक दाम, लाकडाच्या ठेकेदाराला दुसरा. नव्या सुनेला स्वयंपाकाची सुरी जवळजवळ फुकट. एकच वस्तू सकाळी एका दामाला आणि दुपारी दुसऱ्या दामाला जायची आणि त्याबद्दल तिला जराही संकोच वाटत नसे.

कळमनुरीला बाजाराच्या रस्त्यावरच आमचं घर आहे. पुढचा ओटा वडिलांनी तिला बाजारच्या दिवशी बसायला दिला होता. बदल्यात आईच्या विळीला ती धार लावून द्यायची. ती घिसाडी समाजातली. नवरा, किसनकाका, सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि घण ती मारायची. त्यामुळे तिचे खांदे एखाद्या पैलवानासारखे होते आणि आवाज मात्र बारीक. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादापासून ते दोघं सुऱ्या घडवायचे. भंगारातून जुन्या, गंजलेल्या कुऱ्हाडी आणून त्या तापवून, ठोकून, पाजवून, नवा दांडा घालून उभ्या करायचे. प्रत्येक पात्याच्या मानेशी तीन ठिपक्यांची निशाणी असायची.

कॉलेज संपवून मी घरी आले तेव्हा मला बोलायची सवय उरली नव्हती. तशी ती आधीही फार नव्हती. इंग्रजी शाळेत वाढल्यामुळे पावणेदोनशे म्हटलं की मला मनात आकडा मांडून बघावा लागायचा, तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. आई म्हणायची, ओट्यावर बसत जा, माणसं खात नाहीत. मी बसायचे. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायची, "ही आमची म्याडम. मुकी हाय, पर डोळे लई बोलतेत."

एकदा मीच सुचवलं की प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी बांधू. तिने नाही म्हटलं नाही. मी छान अक्षरात चिठ्ठ्या केल्या, दोऱ्याने बांधल्या. त्या दिवशी लोक यायचे, वाकून चिठ्ठी वाचायचे आणि न बोलता पुढे जायचे. संध्याकाळी एकेक चिठ्ठी सोडवून तिने माझ्या मांडीवर ठेवली. रागावली नाही. "दाम म्हंजी दाराची कडी असती बाई," ती म्हणाली. "कुणासाठी काढायची, कुणासाठी लावायची, ते आत बसलेल्यानं ठरवायचं. तू तर उघडं दार भिंतीवर रंगवून ठिवलंस."

मग मी फोनवर फोटो टाकून पाहिले, ते तिला आवडलं. पुण्याच्या एका माणसाने जुनी कुऱ्हाड मागवली. तिने मला विचारायला लावलं, कशाला पाहिजे. तो म्हणाला, बैठकीच्या भिंतीवर लावायला. मावशी कितीतरी वेळ हसत होती. मग तिने तिप्पट दाम सांगायला लावला. का, तर भिंतीवरची कुऱ्हाड उपाशी राहते, तिच्या उपासाचे पैसे वेगळे. त्याने ते दिले.

ती कुणालाही 'नाही' म्हणत नसे, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. विकायचं नसेल तिथे ती फक्त दाम वर न्यायची. दारू पिऊन आलेल्याला, शेजाऱ्याला शिव्या देत आलेल्याला, डोळे एका जागी न ठरणाऱ्या पोरांना. ते चिडून, तिला वेडी ठरवून निघून जायचे. ती शांतपणे पोतं झटकायची. आणि एकदा तोंडातून गेलेला दाम तिने कधी फिरवला नाही, खाली नाही की वर नाही. "बोललेला दाम गिळता येत न्हाई," हे तिचं वाक्य.

हे वाक्य तिच्यावर उलटलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो.

सकाळचं ऊन अजून ओट्यावर आलं नव्हतं. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला. सुऱ्या, विळे काही न बघता त्याने सरळ मोठ्या कुऱ्हाडीकडे बोट दाखवलं. जुनं, जड पातं होतं ते. किसनकाकांनी दोन आठवडे त्याच्यावर घालवले होते. मावशीने ती पोत्यावर ठेवली आणि विचारलं, कशाला पाहिजे. तो म्हणाला, "घरी लागती." आणखी काही नाही. गावाचं नाव विचारलं तर कनेरगाव नाक्याकडचा म्हणाला. मावशीच्या भुवया किंचित हलल्या. बोलता बोलता त्याने अंगठा धारेवर ठेवला होता आणि तो इतका दाबला होता की नख पांढरं पडलं होतं. धार अशी कुणी बघत नाही. धार आडवी बघतात, हलक्या हाताने.

सहाशेची कुऱ्हाड होती. मावशी म्हणाली, "पाच हजार."

शेजारचा लसणाचा व्यापारी हसला. तो माणूस हसला नाही, चिडला नाही, घासाघीसही केली नाही. त्याने खिशात हात घालून नोटांची गुंडाळी काढली आणि मोजू लागला.

मावशीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लावलेली कडी बाहेरून कुणीतरी उचलली होती. तिने नोटांना हात लावला नाही. पोत्याची घडी सारखी करत राहिली, आणि मग जे सुचलं ते बोलली. म्हणाली, हा दांडा सहाशेच्या कुऱ्हाडीचा आहे. पाच हजारांच्या कुऱ्हाडीला घरच्या लाकडाचा दांडा लागतो, तशी रीत आहे. "तुझ्या बांधावरली बाभळीची फांदी आण. बसवून देते. पैसे बी तवाच घेते. माल तुझाच, दुसऱ्याला देत न्हाई."

अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. पण तो एकदम थांबला. "बांधावरली?" त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज बसला. गुंडाळी खिशात टाकून तो बस स्टँडकडे निघून गेला.

तो गर्दीत दिसेनासा झाल्यावर मावशीने कपाळाला हात लावला. "इतक्या लांबून, हिंगोली वलांडून, कुऱ्हाडीसाठी कोन येतं? ज्याला वळखीच्या लोहाराला तोंड दावायचं न्हाई तो. बांधाचं भांडण हाय त्याचं, भावाभावांतलं. आन म्या त्याला बांधावरच धाडलं."

मी म्हटलं, पोलिसांना सांगू या. ती म्हणाली, काय सांगायचं, एका माणसानं जास्त पैसे देऊ केले म्हणून? आमच्या लोकांनी ठाण्यात पाय ठेवला की आधी आमचीच पोतडी उलटी करतात. त्या दिवशी तिने मला ते सांगितलं, जे ओट्यावर इतकी वर्षं बसूनही कुणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी किसनकाकांनी एका माणसाला कोयता विकला होता, काही न विचारता. काही दिवसांनी पोलिसांनी कापडात गुंडाळलेला तोच कोयता तिच्यासमोर उघडला आणि विचारलं, हा कुणाचा. मानेशी तीन ठिपके होते. भांडण चुलत्या-पुतण्याचं होतं, बांधावरचं. किसनकाका म्हणाले, आजपासून निशाणी मारायची नाही. ती म्हणाली, मारायची. "आपलं आपल्याला कळाय पाहिजे. पर आता इचारल्याबिगर इकायचं न्हाई."

तेव्हापासून 'कशाला पाहिजे'.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मावशीने कुऱ्हाडीचा दांडा काढून टाकला होता आणि ती नुसतं पातं फडक्यात बांधून मांडीखाली घेऊन बसायची. एकदोघांनी चांगला भाव दिला तरी ते इकलेलं हाय, म्हणून परत पाठवलं. आल्या आल्या ती मला पेपर उघडायला सांगायची. मोठ्या बातम्या तिला नको असायच्या. आतल्या पानावर कनेरगाव आहे का, बांध आहे का, भाऊ आहे का, एवढंच. मी बोट फिरवत वाचायचे आणि ती माझ्या बोटाकडे बघत राहायची. "न्हाई ना?" "नाही मावशी." मग ती पोतं अंथरायची. खंडेनवमीला तिने घण, ऐरण, सांडशी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. ते पातं वेगळं ठेवलं. म्हणाली, ती धड आपली न्हाई, धड त्याची न्हाई, कुणाच्या नावानं पुजू.

तिचा हात ढिला पडला तो त्या दिवसांत. दाम सांगताना अडखळायची. साध्या माणसाकडेही जरा जास्त वेळ बघायची. एका म्हाताऱ्याला खुरपं देतानाही तिने दोनदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काहून बाई, खुरप्यानं काय लढाई करू?" ती हसली, पण उशिरा हसली. मलाही झोप लागेना. रस्त्यात इस्त्रीचा शर्ट दिसला की मी वळून त्या माणसाच्या हातांकडे बघायचे.

थंडीत तिला छातीचा त्रास झाला. नांदेडला नेलं, तिथून ती आली नाही. दिवसकार्य झाल्यावर किसनकाका आमच्या ओट्यावर आले. डोळ्यांनी त्यांना आता कमी दिसतं, भिंत धरत आले. फडक्यात बांधलेलं पातं त्यांनी ओट्यावर ठेवलं, हातात दिलं नाही. म्हणाले, "म्याडमकडं ठिवा म्हनली. त्यो येईल म्हनली." मी विचारलं, आला तर काय करू? ते म्हणाले, तिनं एवढंच सांगितलं. मग चहा घेऊन निघून गेले.

मी ते पातं कपाटात, शाळेच्या प्रमाणपत्रांच्या खाली ठेवलं. बाजारच्या दिवशी कपाट उघडून बघायचे आणि पुन्हा बंद करायचे. तो येऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. आणि न येण्याचाही एक अर्थ होता, तो त्याहून वाईट होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो आला. शर्ट मळका होता. हातात बाभळीची फांदी होती, सोललेली, वाळलेली, तासून गुळगुळीत केलेली. मावशी कुठे आहेत, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि फांदी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाला, "ताई, ती कुऱ्हाड हाय का अजून?"

आईला हाक मारावी असं वाटलं. मारली नाही. आत जाऊन पातं आणलं, पोतं नव्हतं म्हणून फडकंच अंथरलं, त्यावर ठेवलं, धार माझ्याकडे करून. आणि हात मागे घेतला. मग विचारलं, "कशाला पाहिजे?"

तो पात्याकडे बघत राहिला. हात लावला नाही. मग सांगू लागला, सलग नाही, तुकड्या-तुकड्याने. फांदी तोडायची तर घरात कुऱ्हाड नव्हती. गावात दुसऱ्या कुणाला मागितली असती तर गावभर झालं असतं. बरेच महिने गेले. शेवटी भावाच्या दारात गेला, तीन वर्षांनी. "त्यानं बी हेच इचारलं, कशाला पाहिजे. म्या म्हनलं, दांड्याला. बांधावरल्या बाभळीची फांदी. वाटलं, आता पेटतंय. त्यानं कुऱ्हाड घेतली आन संगं आला."

त्याने मांडीवरच्या फांदीवरून हात फिरवला.

"तोडताना फांदी हालत व्हती," तो म्हणाला. "म्हून म्या धरली. त्यो घाव घालून राहिला व्हता आन म्या धरून उभा. दोघं बी गप."

त्याने फांदी खाली ठेवली आणि पातं उचललं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. तो धारेवरून आडवा गेला, हलका. मग त्याने पातं फिरवलं आणि मानेशी असलेले तीन ठिपके बोटाने चाचपले. खिशात हात घातला.

"सहाशे," मी म्हटलं.

"पाच हजार ठरले व्हते ताई."

"ते आता नाहीत," मी म्हटलं. बोललेला दाम मी फिरवला होता. मावशीने तो फिरवला नसता. की फिरवला असता? हे मला आजही नक्की माहीत नाही, आणि विचारायला कुणी नाही. त्याने पैसे फडक्यावर ठेवले, दांडा मावशींच्या घरीच बसवून घेतो म्हणाला, पत्ता विचारला आणि गेला.

किसनकाका म्हणाले की तो खरंच आला होता. दांडा चांगला बसला, लाकूड चिवट निघालं.

आता बाजारच्या दिवशी काकांच्या उरलेल्या सुऱ्या मी ओट्यावर मांडते. दाम सांगताना अजून अडखळते. पण त्याआधी, पोतं अंथरायच्याही आधी, पेपरचं आतलं पान उघडते आणि बोट फिरवत खालपर्यंत जाते. कनेरगाव नाही, बांध नाही, भाऊ नाही. मग पहिली सुरी बाहेर काढते, धार माझ्याकडे करून.