काशीच्या बागेतलं खत

१९९४च्या चैत्रात बनारसला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. सांगलीहून निघताना आईने एकच काम सांगितलं होतं. "दादाला विचार, नव्या घराचा पत्ता कळवूनही दोन वर्षांत एक ओळ का लिहिली नाही? माझं काय चुकलं?" मामाला हे कसं विचारायचं, तेच मला कळत नव्हतं.

मंगला गौरीच्या गल्ल्यांत दोनदा चुकून एकाच हलवायासमोर आलो. "फिर आ गए? मास्टर साहब का घर बाएँ है," तो म्हणाला. मग मुकाट्याने त्याची कचोरी खाल्ली आणि डावीकडे वळलो.

मामा, म्हणजे हलवायाचे मास्टर साहब, देवळात गेले होते. वहिनी, म्हणजे त्यांची सून, मला मागच्या बागेत घेऊन गेल्या. पाऊस नुकताच थांबला होता. चैती गुलाब पाण्याच्या भाराने वाकले होते. वहिनी जन्मापासून काशीकर, त्यांचं मराठी मला अर्धंच कळत होतं.

"हा बेला (मोगरा), ते अडहुल (जास्वंद). बरसात झाली ना, आता सगळे खिलतील."

खरंच, बोलता बोलता एक मिटलेली कळी सैल झालेली दिसली. मी हरखलो. माझ्या गच्चीत सात कुंड्या आहेत, त्यामुळे मी स्वतःला जाणकार समजतो. विचारलं, "खत कधी घालता?"

त्यांचा चेहरा उतरला. "हर महिन्याला मीच टाकायची, भावजी. बाबांनी बंद करवलं."

"का?"

"जवाबच येत नव्हता."

मी गोंधळून मोगऱ्याकडे पाहिलं. "पण फुलं तर आलीत. शेणखत होतं का?"

आता त्या गोंधळल्या. "अहो, चिट्ठी! बाबा आत्याबाईंना खत लिहायचे, ते मी पेटीत टाकायची. तुमच्या नदीकाठच्या घरी."

ते घर आम्ही दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. मग नवा पत्ता कळवणारं आईचं पत्र? ते टाकायला तिने माझ्याकडेच दिलं होतं. टाकलं की नाही, आठवेना. मग आठवलं: ते मी टाकायचंच विसरलो होतो.

मामा परडी घेऊन आले. माझ्याकडे न बघताच फुलं खुडत म्हणाले, "माई नाराज आहे का रे माझ्यावर?" आईला ते माईच म्हणत.

"नाही," एवढंच मी म्हणालो. नवा पत्ता लिहून दिला. बाकीचं सांगायला धीर झाला नाही, याची अजून लाज वाटते.

परतीच्या दोन दिवसांत मनात पुनःपुन्हा वाक्यं जुळवली. इतकं लांब जाऊन मला माझाच पराक्रम कळला होता. घरी पोचल्यावर बॅग खाली ठेवण्याआधीच आईला सगळं सांगून टाकलं.

ती पोस्टकार्ड काढून बराच वेळ लिहीत बसली. लिहून झाल्यावर मी हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली आणि गुडघे धरत स्वतःच जिना उतरली.