कानिफनाथाचे सात दिवस

कानिफनाथ मुलखाचा तापट. चहात साखर कमी पडली म्हणून कपबशी भिरकावणारा गडी. त्यामुळं एकाहत्तर साली त्यानं बाजारतळावर सात दिवस सायकलवरून न उतरता फिरायचं जाहीर केलं, तेव्हा सारं शेवगाव पोट धरून हसलं. हसेना का! त्याला हायस्कुलातली शिपायाची जागा हवी होती, आणि संस्थेचे अध्यक्ष सूर्यभानराव भर सभेत म्हणाले होते, "सात दिवस काढ, जागा तुझी."

सूर्यभानराव म्हणजे कष्टाचे मोठे भोक्ते, दुसऱ्याच्या. रोज संध्याकाळी मांडवात लोडाला टेकून ते जिद्दीवर भाषण ठोकायचे, आणि कानिफनाथ मांडवाभोवती चकरा मारत ते ऐकायचा. बिचारा उठून जाणार कुठं?

त्याची बायको चांगुणा सायकलीबरोबर पळत भाकरी भरवायची. दाढी, आंघोळ, सगळं चाकावरच. चौथ्या दिवशी मांड्या सोलवटल्या, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. टवाळ मंडळी "पडला रं पडला!" म्हणून ओरडायची. एरवी त्यानं एकेकाला लोळवला असता.

चांगुणेला राहवेना. "तुमाला राग कसा येईना वो?"

"येतो की! पन राग आला की हात आवळत्यात, अन हँडल आवळलं की मानूस आडवा. पाय दुखत्यात तर दुखू द्यायचे, त्येंच्याशी भांडायचं न्हाई. जिंकायचं म्हंजी दुसरं काय असतंय? उतरायचं न्हाई, बास."

सात दिवस पुरे भरले, दुपारी बाराला मुदत संपली. पण अध्यक्षांच्या हातचा हार पडल्याबिगर उतरायचं कसं? अध्यक्ष तर कुठल्याशा लग्नात पंगतीला बसलेले. मोठी माणसं, त्यांनाही जिलबी संपवायची असतेच ना! कानिफनाथ आणखी तीन तास फिरला.

उतरवला तेव्हा त्याचे पाय लाकूड झाले होते. दोघांनी बखोट्याला धरून उभा केला. गळ्यात हार पडला, तसा तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सायेब, जागंचं?"

सूर्यभानराव माइकवर गहिवरले. "हा तालुक्याचा हिरा! याला मी घंटा बडवायला लावू? छे, छे! हा अपमान मला सहन होणार नाही. ती जागा मी परवाच आमच्या भाच्याला देऊन टाकली. कानिफनाथ पुढच्या वर्षी पंधरा दिवस फिरेल!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. कानिफनाथाच्या मस्तकात अशी तिडीक गेली, की माइक उचलून त्यांच्या टाळक्यात घालावा. पण पाऊल काही उचलेना. तिथून निघूनही जाता येईना. आभारप्रदर्शन संपेपर्यंत त्या दोघांनी त्याला घट्ट धरून ठेवलं, आणि त्यातला एक कानाशी मायेनं म्हणाला, "हस की लेका, फोटू काढत्यात."