कापणीच्या सणाचा कोंबडा

आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोक घरचं पिकलेलं, पाळलेलं देवाला अर्पण करतात. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि आलेले पैसे चर्चच्या मंडळीला मिळतात. लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे, कारण माझा आवाज मोठा आणि लाज कमी.

सिन्नरकडच्या एक मावशी दरवर्षी येतात. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावर पदर, काखेत तांबडा कोंबडा. पाळकसाहेब "स्वखुशीनं द्या" असं सांगायला लागले की तो हमखास आरवतो. कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची आठवण होऊन पुढच्या बाकांवरच्या माना खाली जातात. मावशी मात्र शांतपणे त्याच्या तोंडावर पदर टाकतात.

लिलावात तोच कोंबडा त्या स्वतःच बोली लावून परत नेतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. म्हणून यंदा त्यांनी "दोनशे!" म्हटल्यावर कोणीच तोंड उघडलं नाही. मी "दोनशे, एक वार" म्हणतोय, तोच त्या ओरडल्या, "तीनशे!" आणि लगेच, "चारशे!"

"अहो मावशी, समोर कोणीच नाही. स्वतःवरच काय चढवताय?"

"तुमी पुकारा हो. पाचशे!"

पैसे देऊन त्यांनी कोंबडा काखेत मारला आणि माझ्या कानाशी आल्या.

"नाताळाला जावई येनार हायेत. लय खाणारे. दोनशेचा कोंबडा ते सहज कापतील. देवाच्या दारातून पाचशेला आणलेल्याला सुरी लावायला छाती लागते!"