खोटा ठरलेला भोंगा

क्रेनवालीला सकाळपासून भीती वाटत होती. लोखंडी शिडी चढून ती छताखालच्या केबिनमध्ये बसली. खाली माणसं वावरत असताना त्यांच्या डोक्यावरून अवजड वजनं नेणं हे तिचं काम. या कारखान्यात क्रेनवर बसलेली ती पहिलीच बाई. जो तो म्हणायचा, घाबरट बाई, दिवसभर भोंगा वाजवत बसेल.

भोंग्याचं बटण तिच्या हाताशीच होतं. क्रेनवाल्याला जराशी शंका आली की ते दाबायचं, खालचं काम थांबायचं. लोक हसतील म्हणून तिने अजून त्याला बोट लावलं नव्हतं. घरी ती नवऱ्याला म्हणाली होती, "माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर?" तो म्हणाला होता, "मग दाब की बटण!" सांगणाऱ्याचं काय जातंय?

त्या दिवशी लोखंडी साचा उचलताना तिला वाटलं, एका बाजूचा पट्टा सरकतोय. जवळच पैलवान उभा. हा वजनांना पट्टे बांधायचा आणि तिची नक्कल करण्यात सगळ्यांत पुढे असायचा. तिने बटण दाबलं.

साचा खाली टेकला. पैलवानाने पट्टा ओढून पाहिला. तो तसूभरही सरकला नव्हता.

"बाईंनी सावली बघितली वाटतं!" तो ओरडला आणि हशा पिकला. आता घरी बसवणार आपल्याला, या विचाराने तिला रडूच आलं.

फोरमन आला. हा गृहस्थ वर्षातून एकदा हसायचा, तेही चुकून. त्याने मान वर केली. "काय दिसलं?"

"पट्टा सरकल्यासारखा वाटला, साहेब. चुकलं माझं."

"चुकलं कसं? खाली कोण उभं होतं?" त्याने वळून पाहिलं. "पैलवान, तू होतास. तुझ्यासाठी वाजवला तिने. आता ज्याला हसायचंय, त्याने वजनाखाली उभं राहून हसावं." मग पुन्हा वर बघून म्हणाला, "ताई, शंका आली की वाजवा. दहादा खोटी निघू दे."

साचा पुन्हा वर गेला. तिची भीती काही कमी झाली नव्हती. अर्ध्या वाटेत परत तसंच वाटलं. खरं की भास, कोण जाणे. तिने बटण दाबलं.

कुणी हसलं नाही. पैलवान सगळ्यांत आधी मागे सरला आणि ती काय सांगते म्हणून वर बघत उभा राहिला.