काच लागण्याआधी

श्रद्धेच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा लांबच उभी राहणारी. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे सकाळी रांगेत इंग्रजी प्रार्थना म्हणायची आणि संध्याकाळी घरी आईबरोबर पालीतली बुद्धवंदना. दोन्ही तोंडपाठ होत्या. आत किती उतरल्या होत्या हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःहून सांगितलं नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच होतो. पण आईच्या महिला मंडळातल्या बायका दर फोनवर विचारतात, "लिवलं का वो?" म्हणून लिहिते आहे.

आमचं घर चिखल्याला, खाणीच्या कॉलनीत. बाबा मँगनीजच्या खाणीत कामाला. लहानपणीच माझी दृष्टी हळूहळू कमी होत गेली आणि शाळा संपेपर्यंत पूर्ण गेली. त्याआधीचं जे थोडं आठवतं, त्यात कॉलनीतल्या विहारातला तथागतांचा फोटो आहे. त्यांचे डोळे मिटलेले आहेत असंच मला वाटायचं. एकदा मी आईला विचारलं होतं, "यायलेई दिसत नाई का?" आई म्हणाली होती, "दिसते न वो. डोळे अर्धे उघडे हायेत. पाहून रायले ते तुयाकडे." मला ते पटलं नव्हतं. पुन्हा नीट बघू म्हणेपर्यंत उशीर झाला, आणि फोटोवर हात फिरवला तर बोटांना नुसती सपाट काच लागते.

यंदा विहारात दगडाची मूर्ती येणार होती. मी आठवडाभराने, पौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी पुण्याहून रेल्वेने जाणार होते. पण एके दिवशी सकाळीच आईचा फोन आला. भंतेजींना अचानक बाहेरगावी जावं लागणार होतं, म्हणून कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी ठरला. "आज सांजेले मूर्ती काचेच्या कपाटात बसवतील," आई म्हणाली. "एकदा काच लागली का मंग कोणाचाच हात नाई लागत, बाई. येशील का तू?" आई एरवी मला कधी 'ये' म्हणत नाही. मला प्रवासाची किती तयारी करावी लागते हे तिला ठाऊक आहे. त्या दिवशी तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून 'येते' निघून गेलं.

ही तयारी म्हणजे मुख्यतः कॉफीची. कॉफी ही माझी वाटाड्या कुत्री, लॅब्राडोर जातीची. दोन वर्षांपासून तिच्या पट्ट्याची मूठ डाव्या हातात धरून मी पुण्यात ऑफिसला जाते. तिला विमानातून न्यायचं तर कंपनीला दोन दिवस आधी कळवायचं असतं. मी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं, फोनवर कळवलं, लसीकरणाचे कागद घेतले, कॉफीला सकाळचं खाणं दिलं नाही आणि विमानतळ गाठला. काउंटरवरची मुलगी सभ्यपणे म्हणाली, "मॅडम, इतक्या ऐनवेळी अवघड आहे." मग वरिष्ठ आले. पायलटची हरकत नाही असं कळलं, पण कुत्र्याला पायाशी बसायला जागा फक्त पहिल्या रांगेत होती आणि शेजारच्या प्रवाशाची तयारी हवी होती. त्यांनी एकाला विचारलं, तो नाही म्हणाला. दुसऱ्या बाईही नाही म्हणाल्या. मी तिथे उभी राहून चेहरा शक्य तितका कोरा ठेवत होते. मला ते चांगलं जमतं. कॉफी मात्र माझ्या चपलेवर हनुवटी टेकून, सुस्कारा सोडून खुशाल आडवी झाली. तिला काही म्हणजे काही काळजी नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काहून अडवलं वो त्या पोरीले? माह्या बाजूले बसवा न. माह्या घरी तीन कुत्रे हायेत, अन् तिन्हीच्या तिन्ही हिच्यापरीस बदमाश."

इतक्या दूर आपल्या भागाची बोली ऐकून मला हसूच आलं. त्या काकू बपेऱ्याच्या निघाल्या, आमच्याच तालुक्यातल्या. पुण्यात लेकीचं बाळ बघून परत चालल्या होत्या. गुडघा वाकत नाही म्हणून जावयानं त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेतली जागा घेऊन दिली होती. विमानात बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. येताना त्या रेल्वेने आल्या होत्या.

"नाव काय हिचं?" काकूंनी विचारलं.

"कॉफी."

"आमच्याकडं चहा पेतात वो," त्या म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यांदा हसल्या.

पट्टा बांधलेला असताना कॉफीला कोणी हात लावलेला मला चालत नाही. ती कामावर असते. हे मी अनोळखी लोकांना इतक्यांदा सांगितलं आहे की ते वाक्य आता आपोआप बाहेर पडतं. काकूंनाही मी तेच सांगितलं आणि त्यांनी निमूटपणे हात मागे घेतला. पण विमान धावपट्टीवर वेगानं पळू लागलं तसा त्यांचा श्वास मला ऐकू येऊ लागला. "हे इतकं हालून काहून रायलं वो पोरी?" त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. मी खाली वाकले, कॉफीचा पट्टा सोडवला, काकूंचा हात चाचपून घेतला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. विमान वर जाईपर्यंत त्यांनी तिचा कान सोडला नाही. नंतर म्हणाल्या, "आता मी राजीखुशी नागपूरच काय, दिल्लीलेई जाईन."

विमान उशिरा सुटलं होतं. नागपूरला उतरलो तेव्हा ऊन कलल्याचं गालाला जाणवत होतं. कुत्रं आहे म्हटल्यावर दोन टॅक्सीवाल्यांनी नकार दिला. काकूंना न्यायला त्यांचा पुतण्या गाडी घेऊन आला होता. तो काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "हे माही मानसं हायेत. सामान मागं टाक अन् चाल. पयले चिखला, मंग बपेरा." मानसं म्हणताना त्यांनी कॉफीलाही त्यात धरलं होतं.

भंडारा मागे पडलं, तुमसर आलं. उघड्या खिडकीतून मळणी झालेल्या धानाच्या तणसाचा वास येत होता. आईचा फोन वाजत राहायचा, कोणी उचलायचं नाही. विहारात काम चालू असणार. आतापर्यंत काच लागली असणार. त्या दिवसात मी काय काय केलं होतं, किती जणांना विनवलं होतं, याची मनातल्या मनात उजळणी करत मी बसले होते आणि माझ्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या. मग कधीतरी कॉफीनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, ही रोज मला रस्ता ओलांडून नेते, आणि तिच्या मागून जाताना मी कधी विचारत नाही की पुढे काय आहे. मग आजच मी एवढी ओढाताण का करते आहे? मूर्ती असेल तिथे असेल. हात लागला तर लागेल. मी फोन पिशवीत टाकला आणि काकूंच्या नातवाच्या गोष्टी ऐकत बसले. त्या गोष्टी मी मन लावून ऐकल्या, हे विशेष.

चिखल्याला पोचलो तेव्हा विहारातून वंदना नव्हे, हसण्याचा गलका ऐकू येत होता. बाबा धावत बाहेर आले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आली का? ये, ये. गफलत झाली सारी. काच बसूनच नाई रायली!"

झालं होतं असं की मूर्ती नुसत्या फरशीवर बसवायची हे आईच्या मंडळाला पसंत नव्हतं. कॉलनीतल्या बायकांनी घरातली जुनी पितळेची भांडी काढून दिली, कोणी पाण्याचा गुंड, कोणी लोटा, कोणी परात. भंडाऱ्याच्या कारागिराकडून त्यांनी त्या पितळेचं कमळाचं आसन करून आणलं, आणि पुरुषांना चकित करायचं म्हणून कोणाला सांगितलं नाही. काचवाल्याला माप गेलं होतं फक्त मूर्तीचं. आता आसनावर बसवल्यावर तथागतांचं मस्तक चौकटीच्या वर निघत होतं. काचवाला डोक्याला हात लावून बसला होता आणि बायका त्यालाच रागावत होत्या, "इचारायचं नाई का आमाले?"

मी दारात थांबले. एक म्हातारा आवाज म्हणाला, "कुत्रं आत नोको."  पण काकू, ज्यांचा त्या विहाराशी काही संबंध नव्हता, माझ्या मागून म्हणाल्या, "सारे प्राणी सुखी होवो म्हनता न तुमी इथं? मंग हे काय खुर्ची हाय?"  मग भंतेजींचं हसणं ऐकू आलं. "येऊ द्या, येऊ द्या," ते म्हणाले.

आईनं माझा हात धरून आधी कमळावर ठेवला. "हे पाकळी आपल्या गुंडाची हाय, असं मले वाटते," ती म्हणाली. मग हात वर सरकला. गार गुडघे, मांडीवरचे तळवे, खांद्यावरून उतरलेल्या चीवराच्या चुण्या, लांब कान. मी डोळ्यांपाशी थबकले. मग बोट अगदी हलकेच पापणीवरून खाली नेलं. पापणीच्या खाली एक बारीक फट होती. डोळे मिटलेले नव्हते. ते खाली बघत होते, जिथे मी उभी होते तिथेच.  आई म्हणाली, "सांगितलं होतं न."

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना कोणी म्हणायची हे ठरेना, तेव्हा आईनं मला पुढे केलं. चारचौघांत मी कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी वंदना म्हटली. कॉफीच्या पट्ट्याची मूठ डाव्या हातात होती. लहानपणापासून म्हटलेल्या त्रिशरणातला 'शरण' हा शब्द ओठांवर आला तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की तो मला हातातून आधीच ठाऊक होता. शरण जाणं म्हणजे आपण थांबणं नव्हे. मूठ धरायची आणि विश्वासानं पाऊल पुढे टाकायचं.

याला चमत्कार म्हणायचं का, मला माहीत नाही. बाबा अजूनही गफलतच म्हणतात. मी मात्र त्या पितळेच्या भांड्यांची, गुडघा न वाकणाऱ्या काकूंची, आणि गाडीत डोकं मांडीवर ठेवणाऱ्या कॉफीची ऋणी आहे. गेल्या आठवड्यात आईनं कळवलं, नव्या मापाची काच बसली. मंडळातल्या बायकांनी या वेळी काचवाल्यापाशी उभं राहून काम करून घेतलं. समोरच्या बाजूला त्यांनी दार ठेवायला लावलं आहे. त्याला कुलूप नाही, नुसती कडी आहे. मी येईन तेव्हा उघडता यावं म्हणून.