मेहरूणच्या काठावरचं मार्सेय

“पाणी उजव्या हाताला ठेवा. हरवायचं म्हटलं तरी हरवणार नाही.” असं म्हणून सर उजवा हात पाण्याकडे लांब करायचे आणि चालू लागायचे. पाणी आपल्या मेहरूण तलावाचं. मागे आमची पंधरा-वीस प्रवासी मंडळी, पायात नवे कोरे बूट, परदेशात चावू नयेत म्हणून आधीच घातलेले.

मी जळगावातल्या एका टूर ऑफिसात आहे. दर उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याची मंडळी घेऊन युरोपात जाते. त्यात फ्रान्समधलं मार्सेय हे बंदर असतं आणि तिथे दरवेळी कुणी ना कुणी हरवायचंच. मग मालकांनी भूगोलाच्या या निवृत्त सरांना गाठलं. वाटलं, नकाशा दाखवून तासभर बोलतील. पण यांनी सगळ्यांना सकाळी सकाळी तलावावर बोलावलं! झालं, म्हटलं, आता गावभर आपलं हसं.

सरांनी तलावाचं बंदर केलं. शेंगावाल्याची गाडी म्हणजे मासळीबाजार. “होडीतून उतरले की काठावरच मासे विकतात. माळकऱ्यांनी नाक दाबा, पण बघा जरूर.” पुढे तिथल्या धक्क्यावरचं आरशाचं छत. “मान वर केली की आपणच उलटे लटकलेले दिसतो. फोटो काढताना मागे सरकू नका, पाणी आहे.” टोकाचं झाड म्हणजे किल्ला, समोरच्या काठावर तसाच दुसरा. डावीकडची पाण्याची टाकी म्हणजे डोंगर, त्यावर चर्च आणि चर्चच्या माथ्यावर लेकराला घेतलेल्या आईचा सोनेरी पुतळा. “खरी मजा मात्र वर चढून खाली बघण्यात. बठ्ठं बंदर तळहातावर!” रंगात आले की सरांच्या शुद्ध मराठीत अहिराणी शिरायची, ‘सगळं’चं ‘बठ्ठं’ व्हायचं.

जामनेरच्या एका भाऊंनी विचारलं, “सर, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?”

“एकदाही नाही.”

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी लगेच त्यांच्यापुढे शेंगांची पुडी धरली.

न जाण्याचं कारण सरांच्या बरोबरच चालत असायचं. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विस्मरण जडलं होतं. घरातून एकट्या बाहेर पडल्या तर परतीची वाट सापडत नसे. म्हणून सर डाव्या हातात त्यांचा हात धरून फिरायचे. थोडं चाललं की काकू विचारायच्या, “आपन कोठे उनूत?”

“मार्सेयले.”

“बठ्ठं पानीच पानी शे!” आणि काकू खूश. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, जसं काही पहिल्यांदाच विचारलंय. मला कुणी एक गोष्ट दोनदा विचारली तरी तिडीक जाते. सरांसमोर माझी मलाच लाज वाटायची.

मालक दरवर्षी म्हणायचे, “एक सीट तुमची, सर. चला.” सर म्हणायचे, “यंदा नको.” अशी सात वर्षं गेली. एकदा न राहवून मी म्हणाले, “काकूंना आठ दिवस मुलीकडे ठेवा ना.” ते म्हणाले, “मी दिसलो नाही तर ती मला शोधायला निघेल. मग तिला कोण शोधणार?” मी पुन्हा विषय काढला नाही.

मग काकू गेल्या. त्यानंतर वर्षभराने सर आपणहून ऑफिसात आले, टेबलावर पासपोर्ट ठेवला. “मॅडम, तो डोंगर एकदा चढावा म्हणतो.”

मार्सेयला आमचा एकच दिवस. सर नुसते हरखले होते. मासळीवालीला त्यांनी मराठीत माशाचं नाव विचारलं, तिने तिच्या भाषेत सांगितलं, दोघांचंही समाधान झालं. दुपारी डोंगरावर न्यायला बस आली आणि आमच्यातल्या नरडाण्याच्या अक्का काठावरच्या बाकावरून उठेनात. “घाटमा माले उलटी व्हस. मी आठेच बठस. तुम्ही जा.”

सगळे बसमध्ये चढले. सर खालीच.

“तुम्ही व्हा पुढे. मी बसतो अक्कांपाशी.”

मी भडकलेच. “सर, इतकी वर्षं थांबलात आणि आज हे? अक्का काय कुक्कुलं बाळ आहेत? दुसऱ्या कुणाला बसवते मी.”

“त्यांचाही आजचाच दिवस आहे ना, मॅडम.” मग हळूच म्हणाले, “सात वर्षं तिला असं कुठे एकटं बसवून गेलो नाही. आता कुणालाच सोडून पाय निघत नाही हो.”

ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी गेले.

वरून बंदर दिसलं, सर सांगायचे तस्संच. पण मला काही गोड लागेना. फोन लावला.

“पोचलात? सांगा, काय काय दिसतंय?”

मी सांगत गेले. दोन्ही किल्ले. त्यांच्यामधून बाहेर निघालेली बोट. लाल कौलं. पाण्यावरचं ऊन. तिकडून नुसतं “हं, हं.” मध्येच अक्कांचा आवाज आला, “कोन शे?” सर म्हणाले, “आपल्या मॅडम शेत. डोंगरवरथून सांगी रायन्यात.” आणि माझं एकेक वाक्य ते अक्कांना अहिराणीत सांगू लागले. मी सांगायचं सोडून तेच ऐकत राहिले.

“मॅडम, थांबू नका,” सर म्हणाले, “अक्का ऐकताहेत.”